वादळानंतर पाहुणे परत आणायचे, तर आधी काय उभं करायचं?

आगरातली

नमस्कार मंडळी. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून. यंदा ग्रामसभेत ठरलं की मोठी आपत्ती आल्यावर गावातलं पर्यटन पुन्हा कसं सुरू करायचं, याचा आराखडा आत्ताच लिहून ठेवायचा. सगळं सुरळीत असताना गावाला हे सुचलं याचा मला फार आनंद आहे. समितीत माझंही नाव आहे.

पण पहिला मसुदा हातात आला आणि मन खट्टू झालं. पहिल्याच पानावर महोत्सव, कमान, जाहिरातीचा व्हिडिओ, किनाऱ्यावर सेल्फी पॉइंट. वाड्या, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागा, शेवटच्या पानावर, 'शेतीचे नुकसान' या मथळ्याखाली चार ओळींत. मला हे पूर्ण उलटं वाटतं आणि ते ग्रामसभेत नीट मांडता यावं म्हणून हा धागा काढतेय.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. कौलं आणि पत्रे उडालेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. वाड्या मात्र फारशा कोणी दाखवल्या नाहीत. सुपारी अर्ध्यातून मोडून आडवी, माडांचे शेंडे पिळवटलेले, किनाऱ्यावरचं सुरूचं बन झोपलेलं. त्यात टाळेबंदी, म्हणजे मुंबईची घरची माणसंसुद्धा सहज येऊ शकत नव्हती.

घरांची छपरं बहुतेकांनी त्याच वर्षी कशीबशी उभी केली. पण सुपारीचं रोप लावल्यापासून धरायला पाच ते सात वर्षं घेतं. आणि आमच्याकडे उतरणारा पाहुणा एसीसाठी येत नाही. तो वाडीतल्या वाटेसाठी येतो, विहिरीच्या पाण्यासाठी येतो, मे महिन्यात भर दुपारी बाज टाकून पडता येईल अशा सावलीसाठी येतो. वाडी गेली की उरते ती उन्हातली एक खोली. अशी खोली त्याला कुठेही मिळते.

म्हणून माझं म्हणणं असं की आमच्यासारख्या गावात पर्यटनाचा आराखडा वाडीपासून सुरू व्हायला हवा. तुम्ही इतर ठिकाणी काय पाहिलंत? आणि पाहुणे म्हणून येता तेव्हा आपत्तीनंतर तुम्हाला काय कळणं गरजेचं वाटतं? मनापासून सांगा, मी सगळं टिपून घेणार आहे.

पुणेरी_भटका

ताई, पाहुण्याच्या बाजूने सांगतो. निसर्गनंतर टाळेबंदी उठली तेव्हा आम्हा मित्रांना कोकणात यायचंच होतं. पण आम्ही दोन प्रश्नांवर अडलो. पहिला, तिकडे आत्ता जाणं बरं दिसेल का? लोक घरं सावरताहेत आणि आम्ही सोलकढी प्यायला जायचं? दुसरा, नक्की कुठे काय चालू आहे? बातम्यांत "कोकण उद्ध्वस्त" एवढंच. कोकण म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. शेवटी आम्ही महाबळेश्वरला गेलो.

नंतर कळलं की त्याच सुमारास तिकडे बऱ्याच घरी चार खोल्यांपैकी दोन चालू होत्या आणि ते लोक पाहुण्यांची वाट बघत होते. हे त्यांनी आम्हाला सांगायचं तरी कुठे, आणि आम्ही विचारायचं तरी कोणाला?

शेवंती

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बरं दिसतं. या. जेवा, पैसे द्या, जाताना चार नारळ आणि कोकमं विकत घ्या.
आणि ताई, आराखड्यात उकडीच्या मोदकांचं कलम हवंच. मोदक चालू म्हणजे गाव चालू :)

आगरातली

@शेवंती, मोदकाला नारळ लागतो आणि नारळाला माड. तुम्ही माझीच बाजू मांडलीत :)

कोचीकर

मी नोकरीमुळे बरीच वर्षं केरळमध्ये आहे. @पुणेरी_भटका यांचा दुसरा मुद्दा इथे दोनदा डोळ्यांसमोर घडला.

२०१८ च्या ऑगस्टमधल्या पुराने कोचीचा विमानतळ १५ ते २९ ऑगस्ट बंद होता. ते वर्ष मुन्नारला नीलकुरिंजी फुलण्याचं, म्हणजे बारा वर्षांनी येणारा हंगाम. हॉटेलवाल्यांनी त्याची किती तयारी केली होती! फुलं फुलली, पण रस्तेच तुटलेले. त्याच वर्षी अलेप्पीची नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत ऑगस्टमधून पुढे ढकलून १० नोव्हेंबरला घेतली. ती शर्यत पुन्हा भरली तेव्हा बॅकवॉटर चालू झाल्याचा निरोप सगळीकडे पोचला. एक ठरलेली, लोकांना ठाऊक असलेली गोष्ट वेळ बदलून का होईना पार पाडणं, याचा उपयोग नव्या महोत्सवापेक्षा जास्त होतो असं माझं मत झालंय.

दुसरी गोष्ट वायनाडची. ३० जुलै २०२४ ला मेप्पाडी पंचायतीतल्या मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरड कोसळली. शेकडो माणसं गेली. ते दुःख फार मोठं आहे आणि तिथे पर्यटनाचा विषय काढायची ती वेळही नव्हती. पण सगळीकडे नाव झालं 'वायनाड भूस्खलन'. मग सुलतान बत्तेरी, मानंतवाडी अशा लांबच्या ठिकाणची बुकिंगंही रद्द झाली. तिथली माणसं आधीच नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक गमावून बसलेली, त्यात रोजीरोटीही गेली. तुमच्या आराखड्यात जागेचं नाव अचूक सांगायची जबाबदारी एका माणसाकडे द्या. कुठला भाग, कुठली आळी, कुठला रस्ता बंद आणि कुठला चालू, हे गावानेच पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही तर बाहेरचे सगळा तालुका बंद करून टाकतात.

नाखवा_हर्णै

आमच्या इथे दापोली तालुक्यात पण निसर्गने तेच केलं. फरक एवढा की होड्या आधीच किनाऱ्याला ओढलेल्या होत्या. समुद्रात असतो तर काय झालं असतं तो विचार नको.

ताईंना विचारायचं आहे, तुमच्या आराखड्यात वाडीवाले आणि खोल्यावाले आले. होडीवाले, टांगेवाले, वडापाववाली, फेरीबोटीवर शेंगा विकणारा पोरगा, हे कुठे आहेत? त्यांच्या नावावर ना वाडी ना खोली. पाहुणा आला नाही तर पहिली चूल यांची विझते.

आगरातली

नाखवादादा, मसुद्यात ते नाहीत. असायलाच हवेत. आजच समितीत सांगते. त्यांची नावनिशी यादी आत्ताच करून ठेवता येईल, कारण नंतर पंचनामा होतो तेव्हा ज्याचं काही पडलंच नाही त्याचं नाव कागदावर येत नाही.

हिशेबनीस

नावनिशी यादीचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी हिशेब तपासणीच्या कामात आहे, म्हणून जरा पैशांचं बोलतो.

आपत्ती निधीचे निकष पाहा. घर, शेती, जनावरं, होड्या-जाळी, हस्तकलेची अवजारं यांना मदत असते. 'पाहुण्यांची खोली' असा रकाना नाही. तुमचं घर पडलं तर राहतं घर म्हणून मदत मिळेल, पण गेलेल्या हंगामाचं काय, हे कुणी विचारत नाही. म्हणजे पर्यटनाची भरपाई आपत्ती निधीतून होईल हे गृहीत धरून आराखडा करू नका.

आता वाड्यांचं. निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पण एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. श्रीवर्धन-दिवेआगरकडे लोकांच्या वाड्या गुंठ्यांत असतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. त्यात आडवी पडलेली झाडं उचलायची मजुरीसुद्धा निघत नाही. हेक्टरचं माप घाटावरच्या शेताचं, ते नारळ-सुपारीच्या आगराला लागू पडत नाही, अशी ओरड झाली आणि मग झाडामागे दर ठरला: नारळाला २५०, सुपारीला ५० रुपये. सात वर्षांनी हाती येणाऱ्या झाडाला ५० रुपये.

तेव्हा एक काम करा. प्रत्येक वाडीतली झाडं आत्ता मोजून ठेवा. माड किती, सुपारी किती, जायफळ किती, मिरीचे वेल किती. फोटो, तारीख, ग्रामपंचायतीचा शिक्का. वादळानंतर उभं राहून "इथे झाड होतं" म्हणून पटवून द्यायची पाळी कुणावर येऊ नये.

आणि विमा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. इमारत आणि घरातलं सामान, वादळ-पूर-भूकंप धरून. छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. घरातच पाहुणे ठेवत असाल तर ते विमा घेतानाच लिहून द्या, नाहीतर दाव्याच्या वेळी अडवणूक होते.

पुणेरी_भटका

गुंठ्याला ५०० रुपये हे वाचून सुन्न झालो. एका रात्रीच्या खोलीचं भाडं याहून जास्त असतं.

डोंगरवाट

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

'परत उभं करायचं' हे सगळे गृहीत धरताहेत. प्रत्येक ठिकाणी ते करावं का? केदारनाथला २०१३ च्या जूनमध्ये काय झालं ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर पर्यटन 'सावरलं' म्हणजे किती, तर २०२३ च्या हंगामात १९ लाखांवर यात्रेकरू. २०२४ च्या ३१ जुलैला ढगफुटीने पायवाट तुटली आणि हजारो लोकांना हेलिकॉप्टरने आणि पायी बाहेर काढावं लागलं. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडातच धरालीत खीरगंगा ओढ्याच्या गाळाखाली हॉटेलं गेली. ती हॉटेलं मुळात ओढ्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळावरच उभी होती. नदी आपल्या जुन्या वाटेने आली.

आपल्याकडेही पाण्याला चिकटून शॅक, तंबू, काँक्रीटचे गाळे उभे राहताहेत. निसर्ग वादळ जाऊन महिना होत नाही तोच, जून २०२० मध्ये राज्याने बीच शॅक धोरण मंजूर केलं. आठ किनारे, त्यात दिवेआगर आणि वरसोली. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या ही त्यातली चांगली गोष्ट, ती मी मानतो. पण वादळाच्या किनाऱ्यावर नवं काय उभारायचं यापेक्षा काय उभारायचं नाही, हे आराखड्यात आधी यायला हवं. आणि ते आत्ता, शांत डोक्याने. वादळानंतर प्रत्येक जण आपापल्या चुलीच्या घाईत असतो, तेव्हा कुणी ऐकत नाही.

नाखवा_हर्णै

@डोंगरवाट, म्हणणं बरोबर आहे, पण रेषा मारायची वेळ आली की पहिली आमची घरं रेषेत येतात. कोळीवाडा पाण्याजवळच असणार, होडी काय डोंगरावर बांधू? आणि मग काही वर्षांनी त्याच जागेवर रिसॉर्ट दिसतं.

डोंगरवाट

नाखवा, तुमची भीती खोटी नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हेच झालं. दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेला २०० मीटर बांधकामबंदी जाहीर झाली. मच्छीमारांना मागे सरका म्हणाले आणि पर्यटन व्यवसायाला सवलती मिळाल्या. ओरड झाल्यावर पट्टा शिथिल केला. माझा मुद्दा असा की रेषा गावानेच मारावी आणि ती होडीवाल्याला वेगळी, बाहेरून येऊन बांधणाऱ्याला वेगळी असावी. कोळीवाडा पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, त्याला पाणी कुठवर येतं ते कळतं.

नाखवा_हर्णै

असं असेल तर मी तुमच्याबरोबर आहे.

कौलारू

बांधकामातला माणूस म्हणून भर घालतो. निसर्गनंतर मी मंडणगड-दापोलीकडे काही घरांची कामं पाहिली. पत्रे उडाले ते बहुतेक ठिकाणी पत्रा कमजोर म्हणून नव्हे, तर वासे भिंतीला धरून ठेवलेले नव्हते म्हणून. छप्पर नुसतं वजनावर बसलेलं. वारा पडवीत शिरला की खालून उचलतो. वाशाला आणि भिंतीला लोखंडी पट्टी, पत्र्याला जे-बोल्ट, कडेच्या दोन-तीन ओळींना बोल्ट दुप्पट जवळ. खर्च फार नाही. गावात दोन सुतार आणि एक वेल्डर एवढ्यांना हे शिकवून ठेवलं तरी निम्मं काम झालं. कौलारू घरात पडवीचं छप्पर आणि मुख्य छप्पर वेगळं ठेवा, म्हणजे पडवी गेली तरी माजघर राहतं.

दुसरं, वीज. खोल्या नीट असून पाहुणे घेता आले नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण वीज. खांब पडले की आठवडेच्या आठवडे जातात. वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही, आणि मोबाईलचा मनोरा बंद म्हणून बुकिंगचा फोनही नाही. अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून भूमिगत वीजवाहिन्यांचं काम झालं. तुमच्या गावाने मागणी करायची तर कमानीऐवजी ही करा. तोवर सार्वजनिक विहिरीवर एक सौरपंप. जुने रहाट कुणाकडे शाबूत असतील तर तेही जपा, मी गंभीरपणे म्हणतोय.

शेवंती

रहाट चालवायला पुण्याहून मुलं आणू. ती पैसे देऊन ओढतील, वर व्हिडिओही काढतील :)

कच्छवासी

सासर भुजचं, म्हणून इथलं सांगते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छ पर्यटनात पुढे आलं असं सगळे म्हणतात आणि लगेच रण उत्सवाचं नाव घेतात. उत्सव महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी काय झालं ते कुणी बोलत नाही.

धमडका गावात अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं नैसर्गिक रंगांचं कापड, छापणारी खत्री कुटुंबं होती. भूकंपात गाव पडलं, आणि पाणीही अजरखच्या धुण्याला योग्य राहिलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी मिळून भुजजवळ नवी जमीन घेतली आणि अजरखपूर वसवलं. घरं, धुण्याचे हौद, छपाईच्या शेड एकत्र आखून. पाहुण्यांसाठी म्हणून काहीच बांधलं नव्हतं, काम चालू राहावं म्हणून बांधलं होतं. आज तिथे देशोदेशीचे लोक येतात, २०१६ ला शेजारी हस्तकलांचं मोठं संग्रहालय झालं. आगरातली ताईंचं वाडीचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. जे काम बघायला माणसं येतात ते आधी उभं राहिलं पाहिजे.

भुजियो डोंगरावरचं स्मृतिवन मात्र २०२२ मध्ये उघडलं, भूकंपानंतर एकवीस वर्षांनी. गेलेल्यांची नावं तिथे आहेत. सासूबाई एकदाच आल्या, नाव शोधलं, हात लावला आणि घरी चला म्हणाल्या. आपत्ती हीच बघायची गोष्ट करायची असेल तर तेवढा काळ जाऊ द्यावा असं मला वाटतं.

आगरातली

@कच्छवासी ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मसुद्यात कुणीतरी 'वादळ दर्शन फेरी' असं एक कलम घातलंय. ते काढायला लावणार.

खोतांचा_नातू

दिवेआगरचं उदाहरण आपल्या दारातलं असून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गाव नकाशावर आलं. म्हणजे तिथलं पर्यटन अक्षरशः वाडीतूनच वर आलेलं आहे. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा गेला. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, पण गावाला बसलेला फटका तसाच. येणारे कमी झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुवर्णगणेशाची पुन्हा स्थापना झाली.

मधल्या काळात कोण टिकलं? ज्यांच्याकडे वाडी होती, नारळ-सुपारीचं उत्पन्न होतं, आणि पाहुणे हा जोडधंदा होता ते. फक्त खोल्या बांधलेले, त्यावर कर्ज काढलेले आधी अडचणीत आले. आणि मग २०२० ला वादळाने नेमकी वाडीच नेली, म्हणजे ज्या आधारावर लोक उभे होते तोच. म्हणून वाडीला आराखड्यात 'शेतीचे नुकसान' म्हणून शेवटी टाकणं मलाही खटकलं.

कौलारू

अवांतर: पाडेली मिळतात का हो अजून तुमच्याकडे? आमच्या बाजूला माडावर चढणारा माणूस मिळणं आता मुश्कील झालंय. वादळानंतर अर्धवट मोडलेले शेंडे उतरवायला कुणीच नव्हतं. महिनोन्‌महिने ते वर लटकत होते आणि खालून जायची भीती.

खोतांचा_नातू

अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. आमच्या आळीत आता मोजकेच उरलेत, सगळे पन्नाशीपुढचे. मुलं मुंबईला. माडावर चढायचं शिडीचं यंत्र मिळतं, त्याचं प्रशिक्षण होतं. दोन-चार तरुणांना गावाने ते शिकायला पाठवावं. वाटेवरचे आणि घरावर झुकलेले माड आधी मोकळे झाल्याशिवाय पाहुण्याला वाडीत सोडूच नये.

तोक्योत_मराठी

जपानमधून लिहितेय. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. मार्चमध्ये सरकारने सवलत आणली: इशिकावा, तोयामा, फुकुई, नीगाता या चार प्रांतांत प्रवासाचा खर्च निम्मा, माणशी रात्रीला जास्तीत जास्त २०,००० येन. लोकांची झुंबड उडाली. पण गेले कुठे? कानाझावाला, जिथे नुकसान तुलनेने कमी होतं. नोतोमधल्या सराया एकतर पडलेल्या, नाहीतर त्यात दुरुस्तीला आलेले कामगार राहत होते. सवलत चांगल्या मनाने दिली, पण ज्यांचं गेलं त्यांच्यापर्यंत ती फारशी पोचलीच नाही.

पण वाजिमाच्या बायकांनी केलेलं मला फार आवडलं. तिथला सकाळचा बाजार शेकडो वर्षांचा, भूकंपानंतरच्या आगीत जळून गेला. त्यांनी मार्चमध्येच कानाझावाच्या बंदरावर आपला बाजार भरवला. नंतर तो गावोगावी जायला लागला. मासे, सुके पदार्थ, लाखकामाची भांडी, सगळं घेऊन. गिऱ्हाईक आपल्याकडे येऊ शकत नाही तर आपण जाऊ. तुमच्या वाड्या वाढेपर्यंत सात वर्षं आहेत. तोवर सुपारी नसली तरी जायफळाच्या सालीचं लोणचं, कोकमं, फणसपोळी, मेतकूट पुण्या-मुंबईला तुमच्या गावाच्या नावाने नेता येईल ना?

पुणेरी_भटका

याला माझ्याकडून जागा. आमच्या सोसायटीचं आवार दर हिवाळ्यात देऊ शकतो, सचिवांना आजच विचारतो.

कासवमित्र

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं सांगायलाच हवं. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे घरोघरी उतरतात, घरचं जेवतात. पिल्लं समुद्रात जायची वेळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्यासाठी काही बांधावं लागत नाही. उलट न बांधलेला, अंधारा, गाड्या न फिरणारा किनारा लागतो. वादळानंतरच्या पहिल्याच हंगामात असं काहीतरी हाताशी असणं मोठा आधार आहे.

त्यावरून, कृपया आराखड्यात वाळूवर गाड्या घालायला बंदी लिहा. पुळणीवरची वेल आणि केवडा चाकांखाली गेला की पुढच्या वादळात वाळू थांबवायला काही राहत नाही. आणि सुरूच पुन्हा सगळीकडे लावायचा आग्रह नको. उंडी, करंज, भेंड, केवडा ही आपल्या किनाऱ्याची झाडं आहेत, तीही लावा.

भुवनेश्वरहून

उशिरा येतोय, पण सगळे प्रतिसाद वाचले. पुरीचं एक सांगतो. मे २०१९ मध्ये फणी चक्रीवादळ येणार म्हणून ओडिशा सरकारने पर्यटकांना आधीच पुरी सोडायला सांगितलं, जादा गाड्या सोडल्या. ३ मे ला वादळ पुरीजवळच आलं. शहराची दैना झाली. पण ४ जुलैला रथयात्रा होती आणि ती तारीख कुणीही बदलू शकत नव्हतं. त्यामुळे दोन महिन्यांत कुठला रस्ता, कुठली वीज, कुठलं पाणी आधी, हे वाद फार लांबले नाहीत.

वर कोचीकर म्हणाले तेच मी वेगळ्या बाजूने म्हणतोय. गावाने आपल्या वर्षातली एक तारीख धरावी. तुमचा शिमगा धरा. पालखी ज्या वाटेने जाते ती वाट, त्या वाटेवरची घरं, विहिरी, दिवे आधी. पालखी दारोदार जाते, म्हणजे कुणाचं घर सुटणार नाही.

खोतांचा_नातू

पालखीची वाट! वा. चाकरमानी शिमग्याला येतोच, घर पडलेलं असलं तरी येतो. पहिला पाहुणा तोच धरा. तो आला, राहिला, त्याने चार लोकांना सांगितलं की मग बाकीचे येतात.

आगरातली

मंडळी, कालपासून सगळं पुन्हा वाचून काढलं आणि समितीतल्या दोघांबरोबर बसून मसुदा नव्याने मांडला. अजून कच्चा आहे, पण क्रम बदलला आहे.

सुरुवात आता आधी करायच्या कामांनी आहे. वाडीवार झाडांची मोजणी, फोटोसकट. ज्यांच्या नावावर काही नाही अशा होडीवाल्यांची, टपरीवाल्यांची, फेरीवाल्यांची यादी. विम्याबद्दल हिशेबनीस म्हणाले तसा गावातच एक कार्यक्रम. सुतार-वेल्डरचं प्रशिक्षण, माडावर चढणारी चार मुलं. भूमिगत विजेची मागणी, सौरपंप. किनाऱ्यावर कुठे काय बांधायचं नाही, हे कोळीवाड्याला बरोबर घेऊन ठरवायचं. त्यावर वाद होणार हे मला दिसतंय, पण तो आत्ताच झालेला बरा.

वादळानंतरचा पहिला टप्पा शिमग्याच्या वाटेचा. पाहुणे बोलवायचे ते ज्या आळ्या मोकळ्या झाल्या तिथेच. कुठली खोली, कुठलं घर, कुठला रस्ता चालू याचा फलक ग्रामपंचायतीच्या नावाने रोज बदलायचा, आणि बातमीदारांशी बोलायला एकच माणूस.

वाडीसाठी सात वर्षांचं वेगळं पान केलं आहे. दर वर्षी किती रोपं, त्यांना सावली धरायला मधे केळी, रोजगार हमीच्या फळबाग लागवडीतून कुणाला काय मिळेल. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून रोपं आणि सल्ला घ्यायचा. आणि एक कल्पना आमच्या सासूबाईंची: वादळानंतर पहिल्या दोन वर्षांत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातून एक रोप लावून घ्यायचं, रोपाला नाव बांधायचं आणि दर वर्षी त्याला फोटो पाठवायचा. तो ते झाड बघायला येईलच असं त्या म्हणतात.

महोत्सव काढलेला नाही. तो शेवटच्या पानावर गेला आहे.

पुणेरी_भटका

माझं रोप आत्ताच धरून ठेवा, वादळाची वाट कशाला बघायची? आवाराचं काम झालं, सचिव हो म्हणाले. जानेवारीतली तारीख तुम्ही सांगा.

हिशेबनीस

रोपाच्या कल्पनेत एक भर. रोप आणि दोन वर्षांचं शिंपणं मिळून किती खर्च येतो तो काढा आणि पाहुण्याकडून तेवढेच पैसे उघडपणे घ्या, पावती द्या. लोक आनंदाने देतात. आणि वहीत वाडीवाल्याचं नाव लिहा, कारण झाड त्याच्या जमिनीत आहे.

नाखवा_हर्णै

ताई, रोजच्या फलकावर फेरीबोटी घ्यायला विसरू नका. आगरदांडा-दिघी आणि वेसवी-बागमांडला. वादळानंतर धक्का किंवा फेरी बंद असेल तर पाहुणा दोन-तीन तासांच्या वळशात अडकतो आणि वैतागून परत जातो. दोन्ही धक्क्यांवरच्या माणसांचे नंबर आत्ताच घेऊन ठेवा. मोबाईल बंद पडला तर बिनतारी संच कुणाकडे आहे तेही लिहा. आमच्या सोसायटीच्या काही होड्यांवर असतो.

आगरातली

घेतलं, दादा. दिघीचा नंबर आहे माझ्याकडे, बागमांडल्याचा उद्या आणते. बिनतारी संचाचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या कोळीवाड्यात कुणाकडे आहे ते विचारून इथेच लिहिते.